दोन गाण्यांची जोडी कशी निवडायची: गावाकडच्या नव्या डीजेसाठी

माझी पहिली वरात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या अलीकडच्या एका गावातली. कंट्रोलर, म्हणजे गाणी मिसळायचं डीजेचं यंत्र, मित्राचा, लॅपटॉप चुलतभावाचा आणि पेनड्राइव्हमध्ये साडेतीन हजार गाणी. मारुतीच्या देवळापाशी वरात चांगली रंगात आली होती. मी एका रीमिक्सवरून एका जुन्या हिंदी गाण्यावर जायला निघालो. स्क्रीनवर दोन्हीकडे गतीचा एकच आकडा होता, ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण पेटलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त. दुसऱ्या गाण्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर नेला आणि असा कालवा झाला की नाचणारे पोट्टे हात वर धरून जागच्या जागी थांबले. नवरदेवाचे मामा गाडीपाशी आले. "अबे, कोणतं तरी एक लाव ना बे. दोन-दोन कायले लावून रायला?"

रात्री घरी येऊन तीच दोन गाणी पुन्हा लावली तेव्हा उलगडा झाला. जुनं गाणं दादऱ्यात होतं, सहा मात्रांचं. रीमिक्स चाराचं. कोणत्याही बटणाने ती जोडी जुळली नसती. नंतरच्या दोन-तीन सीझनमध्ये ठेचा खात जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. कंट्रोलर कोणता घ्यावा, बॉक्स किती इंची असावेत, यावर मी काही बोलणार नाही. ते सांगायला प्रत्येक चौकात एक भाऊ उभा असतोच.

आधी पेनड्राइव्ह रिकामा करा

पहिल्या महिन्यासाठी फक्त चाळीस गाणी घ्या. तुमच्या गावात जे खरंच वाजतं तेच: हळदीची, वरातीची, भीमगीतं, दुर्गा-शारदा विसर्जनाची, थोडी पंजाबी, थोडी लावणी आणि कोळीगीतं. अट एवढीच की गाणं तोंडपाठ पाहिजे. शब्द नाही आले तरी चालतील. पण अंतरा संपल्यावर मधलं म्युझिक किती वेळ चालतं, ढोलकी कुठे गप्प होते, शेवटी गाणं एकदम तुटतं की हळूहळू विरत जातं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. अशा चाळीस गाण्यांतून नीट जमणाऱ्या पंधरा जोड्या निघाल्या तरी एक वरात आरामात निघते.

तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानात पेनड्राइव्ह भरून मिळतो. त्यातल्या निम्म्या गाण्यांवर दुसऱ्याच कुण्या डीजेच्या नावाची आरोळी असते. गाडीला तुमच्या नावाचं बॅनर आणि बॉक्समधून शेजारच्या तालुक्यातल्या माणसाचं नाव! हे मी भोगलंय. शिवाय ती फाइल कॉपीची कॉपी होऊन आलेली असते. मोबाइलवर ठीक वाटते, मोठ्या बॉक्सवर पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजते. ३२० केबीपीएसची फाइल मिळेल तिथून घ्या; हा आकडा जितका मोठा तितका फाइलमध्ये आवाजाचा तपशील जास्त. १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलून काही मिळत नाही, नुसती जागा अडते.

गाणं चाराचं की तिनाचं

गती पाहण्याआधी ताल पाहायचा, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. गाणं लावा, पायाने ठेका धरा, मनात "एक-दोन-तीन-चार" मोजत राहा. दर वेळी 'एक'वर जोर येत असेल तर गाणं चाराचं. केहरवा आठ मात्रांचा, भजनी ठेकाही आठ मात्रांचा, दोन्ही चार-चारमध्ये सुटतात. मोजताना तुमचा 'एक' दर वेळी पुढे सरकत असेल तर "एक-दोन-तीन" मोजून बघा. बसलं तर गाणं दादऱ्याच्या घरातलं, सहा मात्रांचं. ज्याने भजनात टाळ धरलाय त्याला हे सांगायची गरज नाही, त्याचा हात आपोआप सांगतो.

सॉफ्टवेअर तुम्हाला आकडा देतं, ताल देत नाही. सहा मात्रांच्या गाण्याचा आकडा ते पुष्कळदा दीडपट किंवा दोन तृतीयांश सांगतं. मग तो चाराच्या गाण्याशी जुळल्यासारखा दिसतो. माझं देवळापाशी तेच झालं.

चाराचं चाराला, तिनाचं तिनाला. एका घरातून दुसऱ्या घरात जायचंच असेल तर दोन्ही गाणी एकत्र वाजवूच नका. पहिलं गाणं ओळ संपेपर्यंत जाऊ द्या, सपकन तोडा, अर्धा श्वास शांतता, मग दुसरं. गर्दी त्या शांततेत ओरडते. ते मिक्सिंगपेक्षा भारी वाटतं, खरं सांगतो.

चाराच्या घरातही एक भानगड आहे. ढोलकीचा ठेका झुलतो, मशीनचा किक, म्हणजे खालचा धप्प ठोका, सरळ पडतो. ठोके जागेवर बसतात पण ठोक्यांच्या मधली जागा दोघं वेगवेगळी भरतात, आणि कानाला काहीतरी लंगडतंय असं वाटत राहतं. झुलत्याला झुलता जोडा.

गती

एका मिनिटात किती ठोके पडतात तो आकडा म्हणजे बीपीएम. व्हर्च्युअल डीजे, रेकॉर्डबॉक्स, सेराटो, डीजेची ही सगळी सॉफ्टवेअर तो आपोआप काढतात. तरी चाळीसही गाण्यांची गती एकदा स्वतः मोजा. मोबाइलचं घड्याळ लावून तीस सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. पंधरा सेकंद मोजून चौपट केली तर एका ठोक्याची चूक चार होते, म्हणून आळस नको.

मोजायला का सांगतो? जुनी गाणी माणसांनी बसून वाजवलेली. वादक रंगात आले की गती चढते, गायक ओढून धरतो तिथे उतरते. ९८ ने सुरू झालेलं गाणं शेवटच्या मुखड्यात १०२ असू शकतं. सॉफ्टवेअर सगळ्याची सरासरी काढून ठोक्यांच्या रेषा आखतं आणि सिंक त्या रेषांवर विसंबून चालतो. अशा गाण्याला जोडी देताना संपूर्ण गाण्याची गती सोडा, ज्या तुकड्यात मिक्स करणार त्याच तुकड्याची मोजा.

संगीताच्या प्रकारांचा साधारण अंदाज असा: हाऊस १२० ते १२८ च्या आसपास, ड्रम अँड बेस १७० च्या पुढे, हिप-हॉप ८५ ते १००, भांगडा बहुतेक शंभराच्या अलीकडे-पलीकडे. आपल्याकडच्या वरातीच्या गाण्यांना मात्र असा नियम लावू नका, मोजाच.

दोन गाण्यांत किती फरक चालतो? टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके-२ हा टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवायचं यंत्र, १९७९ साली आला. जगभरच्या डीजेंनी तो डोक्यावर घेतला. त्याची पिचची पट्टी, म्हणजे गती कमी-जास्त करायची सरकपट्टी, होती ८ टक्के वर, ८ टक्के खाली. मी म्हणतो नव्याने त्याच्या निम्म्यात राहावं, म्हणजे ४ टक्क्यांत. १२४ चं गाणं १२८ ला न्यायला ३.२ टक्के लागतात, चालतं. ९६ चं १०४ ला न्यायला ८.३ टक्के लागतात, तेव्हा गायक चावी भरल्यासारखा गातो. भीमगीतात किंवा देवीच्या गाण्यात तर असा चाळा करूच नका. ती गाणी लोकांच्या ओठांवर असतात, जरा घाई झाली की लगेच ओळखतात. मग "हे काय लावलं बे" म्हणत कोणी आलं की सांगायला तोंड राहत नाही.

अर्ध्या-दुपटीची वाटही आहे. ७० आणि १४०, ८५ आणि १७०. हळू गाण्याच्या एका ठोक्यात जलद गाण्याचे दोन बसतात. पण वरातीत हे कमी वापरा. माणसांचे पाय एका चालीवर लागलेले असतात, ते एकदम दुप्पट होत नाहीत.

सम आणि बत्तीस ठोके

गाणी ओळीओळीने चालतात. चार ठोक्यांचा एक घास, असे आठ घास म्हणजे बत्तीस ठोके. बहुतेक नाचाच्या गाण्यांत याच टप्प्यावर काहीतरी बदलतं: ढोल येतो, कोरस येतो, बेस जातो. १२८ च्या गतीला बत्तीस ठोके बरोबर पंधरा सेकंदांत होतात, ९६ ला वीस सेकंदांत. दुसरं गाणं पहिल्याच्या समेवर, म्हणजे नवी ओळ सुरू होते त्या पहिल्या ठोक्यावर, सुरू करायचं. मधेच कुठेतरी सुरू केलं तर ठोके जुळूनही ओळी जुळत नाहीत.

म्हणून गाणं निवडताना त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटावर लक्ष द्या. क्लबसाठी केलेल्या गाण्यांना दोन्ही टोकांना नुसत्या ठोक्यांची लांब शेपटी असते, ती मिक्सिंगसाठीच ठेवलेली. सिनेमाच्या गाण्यांना ती नसते. त्याची मुळं जुनी आहेत: ७८ च्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, तेवढ्यात मुखडा, दोन अंतरे, सगळं उरकायचं. जुन्या गाण्यात दहाव्या सेकंदाला आवाज सुरू होतो तो त्यामुळेही. वयस्कर माणसं अजून "रेकॉर्ड लाव ना बापू" म्हणतात तेव्हा मला ती तबकडी आठवते.

आपल्याकडचं गाणं असं आखूड असलं की दोन उपाय. एक, त्याच्या मधल्या म्युझिकमधून शिरायचं, सुरुवातीतून नाही. दुसरा, चार किंवा आठ ठोक्यांचा लूप लावून, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून, शेपटी स्वतः वाढवायची. ही युक्ती नवी नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ च्या सुमारास कूल हर्क हा डीजे दोन टर्नटेबलवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती ठेवायचा आणि नुसत्या ड्रमचा तुकडा आलटून-पालटून लांबवायचा. लोक गाण्यापेक्षा त्या तुकड्यावर जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. आपल्या वरातीत नुसतं डफडं किंवा संदलचा ढोल सुरू झाला की काय होतं ते बघा, तसंच.

सूर: इथे पेटीवाल्या काकांना गाठा

आता जरा थांबून वाचा. ताल जुळला, गती जुळली, ओळी जुळल्या, तरी कधी कधी दोन गाणी एकत्र वाजताना दात आंबल्यासारखं होतं. तेव्हा सूर भांडत असतात.

सॉफ्टवेअरमध्ये याच्यासाठी एक चक्र असतं, कॅमेलॉट चक्र. १ ते १२ आकडे आणि प्रत्येकाला ए किंवा बी. ८बी असेल तर ७बी, ९बी किंवा ८ए जोडा, असं सांगतात. मी वर्षभर ते पाठ केलं आणि का जमतं ते मला कळलं नाही. कळलं ते गावच्या भजन मंडळात. आपल्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची भजनं गावोगाव चालतात, तिथे पेटी असतेच आणि पेटीवाले काका असतातच. आमच्या काकांना मी विचारलं, "काका, दोन गाणी एकत्र वाजवायची तर सूर कसे पाहाचे?" ते म्हणाले, "सा कुठं हाय ते पाय आधी. मंग त्याच्या म वर नाई तं प वर दुसरं गाणं बसते का ते पाय." चक्राचं सगळं गणित या दोन वाक्यांत आहे.

पेटीवर पांढरी एक धरा, म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी पट्टी, तो सा. सा सोडून, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरत वर मोजा. पाचवी पट्टी येते पांढरी चार, तो म. सातवी येते पांढरी पाच, तो प. पांढरी एकचं गाणं म्हणजे चक्रातलं ८बी, पांढरी चारचं ७बी, पांढरी पाचचं ९बी. चक्रात शेजारी कोण बसलंय? म आणि प.

हे का जमतं? पांढरी एकचं शुद्ध स्वरांचं सप्तक घ्या आणि पांढरी पाचचं घ्या. सातपैकी सहा सूर दोघांत तेच. एकच वेगळा. आता पांढरी एक आणि तिला लागून असलेली काळी एक घ्या. पट्ट्या अगदी खेटून आहेत, म्हणून नव्या मुलाला वाटतं जमेल. पण सातपैकी फक्त दोन सूर सामाईक निघतात. पेटीवर जे सगळ्यात जवळ, ते मिक्समध्ये सगळ्यात दूर. हे एकदा स्वतःच्या बोटांनी दाबून बघा, मोबाइलवरची पेटीही चालेल. दोन्ही सा एकदम दाबा. वरातीत तुमच्या बॉक्समधून तेच ऐकू येत होतं.

ए आणि बीचंही तसंच. ८बी म्हणजे पांढरी एकचं शुद्ध सप्तक, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. ८ए म्हणजे सा पांढरी सहावर आणि ग, ध, नी कोमल. वाजवून बघा, याही सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या निघतात. सूर तेच, फक्त घर बदललं. म्हणून खुल्या गाण्यावरून जरा हळव्या गाण्यावर जायला ही सगळ्यात सोपी वाट आहे. नवरीच्या पाठवणीच्या वेळी मला ती दर वेळी कामी येते.

गाण्याचा सा शोधायचा कसा? गाणं संपतं तिथे किंवा मुखड्याची ओळ पडते तिथे जो सूर लागला की मन खाली बसतं, तो गुणगुणा आणि पेटीवर शोधा. पहिल्या दिवशी एका गाण्याला अर्धा तास लागला तरी चालेल. सॉफ्टवेअर जे सांगतं ते ताडून बघा, पण आपल्या गाण्यांत ते चुकतं. कोमल-शुद्ध दोन्ही सूर येणारी, रागावर बेतलेली गाणी असली की त्याचा गोंधळ होतो. तेव्हा तुमच्या कानाचं ऐका, नाहीतर काकांच्या.

आणि आता गतीचं प्रकरण पुन्हा आठवा. सूर धरून ठेवणारं बटण, की-लॉक किंवा मास्टर टेम्पो, बंद असेल तर गती वाढवली की सूरही चढतो. साधारण ६ टक्क्यांना पूर्ण एक पट्टी. म्हणजे तुम्ही घरी पांढरी एक आणि पांढरी पाचची सुंदर जोडी लावली, वरातीत पांढरी एकच्या गाण्याची गती ६ टक्क्यांनी चढवली, आणि ते गाणं सरकून काळी एकवर गेलं. जोडी मोडली. बटण चालू ठेवा. पण फार ओढलं तर त्या बटणानेही आवाज घोगरा, पाण्यातून आल्यासारखा होतो, म्हणून चार टक्क्यांची मर्यादा इथेही पाळा.

एक सूट आहे. ज्या तुकड्यात नुसता ढोल, ताशा, डफडं आहे, त्याला सूर पाहायचं कारण नाही. तो कशालाही जोडता येतो. म्हणून माझ्या चाळीसमध्ये असे चार-पाच तुकडे नेहमी असतात.

दोन गळे, दोन बेस

एका वेळी एकच माणूस गायला पाहिजे. पहिल्या गाण्याचा अंतरा चालू असताना दुसऱ्याचा मुखडा आला की ते भांडण वाटतं. म्हणून जोडी निवडताना एकाची गाण्याशिवायची शेपटी आणि दुसऱ्याची गाण्याशिवायची सुरुवात एकमेकांवर बसते का ते बघा.

बेसचंही तेच. दोन गाण्यांचे बेस एकदम अठरा इंची बॉक्सला दिले की नुसता घुमारा उठतो, ढोलाचा ठोका हरवतो आणि अॅम्प्लिफायर लाल दिवा मारतो. मिक्सरवर खालचा, 'लो'चा नॉब यासाठीच आहे: एकाचा खाली, मग दुसऱ्याचा वर, दोन्ही एकदम कधीच नाही. जनरेटरवर सेट असेल तर याचा फरक आवाजाआधी दिव्यांत दिसतो, दिवे ठोक्याला मिचकावू लागतात.

एक जोडी जवळून

माझ्या वहीतली एक जोडी सांगतो. पहिलं गाणं कोळीगीताच्या चालीचं, गती १०४, सा पांढरी पाच. दुसरं पंजाबी ढोलाचं, गती १००, सा पांढरी एक. दोन्ही चाराची, दोन्ही झुलत्या ठेक्याची. पांढरी पाच ही पांढरी एकचा प, म्हणजे सुराची काळजी मिटली.

गतीत चारचा फरक. एकालाच चार उतरायला लावण्यापेक्षा दोघांनी अर्धी-अर्धी वाट चालायची. पहिल्या गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यातच मी पिचची पट्टी हळूहळू ओढत त्याला १०२ वर आणतो, पूर्ण अंतराभर थोडं थोडं, नाचणाऱ्याला कळत नाही. दुसरं गाणं आधीच २ टक्के चढवून १०२ वर तयार ठेवलेलं असतं, हेडफोनमध्ये.

पहिल्याचा शेवटचा मुखडा संपतो आणि बत्तीस ठोक्यांचं म्युझिक उरतं. दुसऱ्याच्या सुरुवातीला नुसता ढोल आहे, पण सोळाच ठोक्यांचा. म्हणून त्या सोळाचा लूप. मुखड्याचा शेवटचा शब्द संपून सम पडते, त्याच समेवर दुसरं सोडायचं, त्याचा लो पूर्ण खाली. पहिल्या सोळा ठोक्यांत फक्त ढोलाची टिपरी वर वर ऐकू येते, लोक मान वळवतात, काहीतरी येतंय हे त्यांना कळतं. सतराव्या ठोक्यावर दोन्ही हात लागतात: डावीकडे पहिल्याचा लो खाली, उजवीकडे दुसऱ्याचा वर. इथेच लूप सोडून द्यायचा, नाहीतर गाणं येतच नाही, नुसता ढोल फिरत राहतो. हे मी दोनदा केलंय, दुसऱ्यांदा पाहुण्यांनी विचारलं की बिघडलं का. बत्तीस संपतात, पहिल्याचा फेडर खाली, आणि पंजाबी गळा मोकळ्या मैदानात उतरतो.

ही एक जोडी बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या दिवशी ती जमली, आणि अजून जमते.

कोणासमोर वाजवतोय

जोडी घरी जमली म्हणजे वरातीत जमेलच असं नाही. दुपारी हळदीला आज्या, मावश्या आणि लहान पोरं असतात, तिथे ९० ते १०० मध्ये, सगळ्यांना येणारी गाणी. तासाभरात गती चार-पाचनेच चढवा. संध्याकाळी वरात निघाल्यावर वर जा, पण दर चार-पाच गाण्यांनंतर एक खाली उतरणारी जोडी ठेवा, कारण मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी सातलाही जमीन भाजत असते आणि नाचणाऱ्यांना पाणी प्यायला थांबायचं असतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तर दुसरं काही मिसळायच्या भानगडीत पडूच नका, भीमगीताला भीमगीतच जोडा. सुराच्या आधी तिथे मान असतो.

शेवटचं गाणं वेळेवरून ठरवा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. सणासुदीला सरकार ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं, ते वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि तुमचं लग्न त्यात येईलच असं नाही. ठाण्यातून माणूस आला की गाणं मधेच तोडावं लागतं आणि वरातीचा सगळा रंग जातो. त्यापेक्षा पावणेदहालाच उतरत्या जोडीवर या.

वही

शाळेची शंभर पानी वही घ्या, आडवी धरा आणि प्रत्येक गाण्याला एक ओळ द्या. चार की तीन, गती, सा कोणती पट्टी, आवाज किती ठोक्यांनी सुरू होतो, शेवटी किती ठोके मोकळे, आणि कोणाशी जमतं. लॅपटॉपमध्ये हे सगळं टाकता येतं, टाकाच, पण वरातीत स्क्रीनवर ऊन पडलं की काही दिसत नाही आणि वही दिसते. माझ्या वहीवर हळदीचे डाग आहेत, काही पानं चिकटलीत.

मागच्या पानावर लाल पेनने एक जोडी लिहून ठेवा, अडचणीची. लॅपटॉप अडकला, पुढचं गाणं सापडेना, कोणीतरी पिऊन मिक्सरवर हात मारला, तेव्हा न पाहता लावता आली पाहिजे अशी. माझी आहे ती नुसत्या ढोलाचा एक तुकडा आणि त्यावर गावाला पाठ असलेलं एक कोळीगीत. ढोलाला सूर नाही, म्हणून आधी काय वाजत होतं त्याने फरक पडत नाही. तो तुकडा मी मोबाइलमध्येही ठेवलाय, आणि मिक्सरला मोबाइल लावायची वायर गाडीच्या कप्प्यात कायम असते.